शिळा, हात आणि वलय : मळवलीच्या छापखान्याच्या निमित्ताने

यंत्राने केलेल्या प्रतिकृतीमुळे कलाकृतीचे वलय लोप पावते, हे वॉल्टर बेन्यामिनचे 1936 सालचे प्रतिपादन मराठी समीक्षाव्यवहारात आता इतके रुळले आहे, की ते सिद्ध करण्याची वा तपासून पाहण्याची गरज सहसा कोणालाच भासत नाही. छापील चित्राचा विषय निघाला की हे सूत्र उद्‌धृत होते आणि चर्चा तेथेच संपते. परंतु ज्या छापील चित्रांनी महाराष्ट्रातील दृश्यसंस्कृती घडवली, त्यांच्या निर्मितीप्रक्रियेकडे बारकाईने पाहिले असता हे सूत्र दोन ठिकाणी अडखळते. एक तर ती चित्रे ज्या अर्थाने ‘यांत्रिक’ मानली जातात त्या अर्थाने ती यांत्रिक नव्हती. आणि दुसरे म्हणजे त्यांच्या बाबतीत वलयाचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. आजचे चित्रकार, छायाचित्रकार आणि संकल्पनकार जुन्या शिळाछापाकडे ज्या ओढीने परतत आहेत तिची मीमांसा करावयाची तर या दोन्ही अडखळण्यांचा विचार आधी करावा लागतो.

यासाठीचे सर्वांत बोलके उदाहरण मावळ तालुक्यात सापडते. राजा रविवर्मा (1848–1906) आणि त्यांचे बंधू सी. राजराज वर्मा यांनी 1894 साली मुंबईत शिळामुद्रणाचा छापखाना काढला. तैलचित्रांच्या मागणीला एकटा चित्रकार पुरा पडू शकत नाही, तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांचे रंगीत छाप काढून घ्यावेत, अशी सूचना सर टी. माधवराव यांनी त्यापूर्वी दहा वर्षे केलेली होती. वर्माबंधूंनी चित्रे युरोपात पाठविण्याऐवजी यंत्रे आणि तंत्रज्ञच जर्मनीहून आणविले. 1896 पासून मुंबईत प्लेगने थैमान घातले आणि 1899 मध्ये छापखाना लोणावळ्यानजीक मळवली येथे हलविण्यात आला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. पुढे तो दीर्घकाळ चालला आणि 1972 साली आगीत भस्मसात झाला.

स्थळाची ही निवड केवळ आपत्तीतून झाली असे मानले तरी तिच्यातील विरोधाभास नजरेआड करता येत नाही. मळवली म्हणजे कार्ले आणि भाजे या लेण्यांच्या पायथ्याचे रेल्वेस्थानक. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या कातळात चैत्यगृहे कोरली गेली त्याच कातळाच्या सावलीत हा दगडावरचा छापखाना उभा राहिला. मात्र त्या कातळाचा त्याला काडीचाही उपयोग नव्हता. सह्याद्रीचा बेसाल्ट शिळामुद्रणाला चालत नाही. त्यासाठी अतिशय सूक्ष्म कणांचा, तेल आणि पाणी दोन्ही सारखेच धरून ठेवणारा चुनखडीचा दगड लागतो, आणि तो प्रामुख्याने बव्हेरियातील सोल्नहोफेनच्या खाणींतून येई. शिवाय बहुरंगी छपाईत कागद यत्किंचित फुगला वा आकसला तरी रंग एकमेकांवर नेमके बसत नाहीत. दमट हवेत कागद फुगतो, आणि मावळच्या पावसाळ्याइतकी दमट हवा शोधूनही सापडावयाची नाही. घराघरांतून ‘अस्सल देशी’ म्हणून पूजिल्या गेलेल्या देवप्रतिमा परदेशी दगडावर, परदेशी यंत्राने, प्रतिकूल हवामानात छापल्या जात होत्या. देशीयतेची चर्चा करणाऱ्यांनी या तपशिलाची फारशी दखल घेतलेली नाही.

शिळामुद्रण महाराष्ट्राला तोपर्यंत नवे नव्हते. गणपत कृष्णाजींनी 1831 साली मुंबईत शिळाछापावर पंचांग काढले होते. पुण्यात 1878 साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या चित्रशाळेने पौराणिक आणि पेशवेकालीन विषयांची रंगीत चित्रे घरोघर पोहोचविली होती. मळवलीच्या छापखान्याने त्यात भर घातली ती मुख्यतः तैलचित्राच्या आभासाची. छाया-प्रकाशाच्या चढउतारासाठी एकामागून एक अनेक शिळा वापरावयाच्या, छापलेल्या कागदावर वॉर्निश चढवावयाचे आणि प्रसंगी कॅनव्हासचा पोत उठवावयाचा. ‘ओलिओग्राफ’ हे नाव या आभासातूनच आले.

येथेच बेन्यामिनच्या मांडणीतील पहिली अडचण उभी राहते. शिळामुद्रणाची दखल त्याने घेतली आहे. या तंत्रामुळे चित्राला दैनंदिन जीवनाच्या वेगाशी जुळवून घेता आले, आणि त्यानंतर आलेल्या छायाचित्रणाने हाताला चित्रनिर्मितीच्या जबाबदारीतून प्रथमच मुक्त केले, असा त्याचा क्रम आहे. वृत्तपत्रीय शिळाचित्रांना हा क्रम लागू पडेलही. बहुरंगी शिळाछापाची गोष्ट मात्र वेगळी आहे. मूळ तैलचित्रावरून प्रथम बाह्यरेषांचा खाका तयार होई. तो प्रत्येक शिळेवर उमटविला जाई. मग कोणता रंग कोठे आणि किती गडद पडावयाचा याचा निर्णय घेऊन त्या रंगापुरता भाग कारागीर तेलकट शाईने किंवा खडूने, ठिपक्याशेजारी ठिपका देत, हाताने रेखाटी. हे रेखाटन उलटे, आरशातल्या प्रतिबिंबासारखे करावे लागे, आणि गुलाबीवर निळा पडल्यानंतर जांभळी छटा कोठे उठेल हे ती डोळ्यांना दिसण्यापूर्वी मनात पाहावे लागे. त्यानंतर शिळेवर डिंक आणि आम्लाची प्रक्रिया व्हावयाची, शिळा ओलवली जावयाची, शाईचा रूळ फिरावयाचा. तेल पाण्याला झिडकारते या एकाच तत्त्वावर ठसा उमटावयाचा. लक्ष्मीच्या हातातील एका कमळाची छटा अशा किती शिळांवर विभागलेली असेल याची कल्पना करावी. प्रतिकृतीने हाताला मुक्त केले असे येथे म्हणता येत नाही. तिने एका हाताच्या जागी अनेक हात आणले.

आणि हे हात अनाम राहिले. छापावर सामान्यतः दोन नावे आढळतात, चित्रकाराचे आणि छापखान्याचे. ठिपके देणाऱ्याचे नाव नसते. परिणामी समीक्षेने या छापांकडे पाहताना दोन टोके गाठली. आनंद कुमारस्वामींसारख्या अभ्यासकांनी रविवर्म्यांच्या चित्रांतील नाटकीपणावर टीका केली तेव्हा तैलचित्र आणि छाप यांतील भेद त्यांना महत्त्वाचा वाटला नाही. अलीकडे क्रिस्टोफर पिनी, कजरी जैन, एर्विन नॉयमायर आणि क्रिस्टिन शेलबर्गर यांच्या अभ्यासांनी छापील देवप्रतिमेला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली, ही मोठीच कामगिरी होय. तथापि तिच्या आधारे होणाऱ्या लेखनात छाप म्हणजे प्रामुख्याने बाजारपेठ, राष्ट्रवाद आणि भक्ती यांचे चिन्ह होऊन बसतो. शिळेवरचे रेखाटन हे स्वतंत्र अर्थनिर्णयन होते, एका माध्यमातील संहितेचे दुसऱ्या माध्यमातील भाषांतर होते, या बाजूने त्याचे वाचन क्वचितच होते. साहित्याच्या प्रांतात भाषांतरकाराच्या कर्तृत्वाविषयी जी जाण आता आलेली आहे ती चित्रसमीक्षेत यावयाची आहे.

दुसरी अडचण वलयाची. बेन्यामिनच्या मते कलाकृती पूजामूल्याकडून प्रदर्शनमूल्याकडे सरकत जाते आणि प्रतिकृती या सरकण्याला गती देते. रविवर्म्यांची तैलचित्रे निर्माण झाली ती संस्थानिकांच्या दिवाणखान्यांसाठी आणि प्रदर्शनांसाठी, म्हणजे प्रदर्शनमूल्य घेऊनच. त्यांच्यातील देवप्रतिमांना कुंकू लागले, हार पडले, साड्यांना जरी-टिकली चिकटविली गेली ती छाप झाल्यानंतर. मूळ चित्राला जे पूजामूल्य नव्हते ते प्रतीने कमावले. येथे वलय ‘लोपले’ असे म्हणणे म्हणजे पुस्तकातील वाक्य खरे ठरविण्यासाठी देवघरातील भिंत खोटी ठरविणे होय. अर्थात यावरून बेन्यामिनला मोडीत काढण्याचेही कारण नाही. त्याच्यापुढे असलेली प्रतिमासंस्कृती वेगळी होती. मूर्ती दरवर्षी नवी घडवून विसर्जित करणाऱ्या समाजात मूळ आणि प्रत यांचे नाते मुळातच निराळे असते, एवढेच यातून सूचित होते.

‘जुने’ आणि ‘नवे’ तंत्र हा क्रमही मावळात सरळ रेषेत लागत नाही. धुंडिराज गोविंद फाळके यांनी पुरातत्त्व खात्यातील नोकरी सोडल्यावर लोणावळ्यास ‘फाळके एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ काढले. त्यांचे प्रमुख काम होते ते रविवर्मा छापखान्यासाठी फोटो-लिथोचे ट्रान्स्फर तयार करण्याचे, म्हणजे छायाचित्राच्या साहाय्याने प्रतिमा शिळेवर उतरविण्याचे. पुढे त्यांनी हाफटोन ब्लॉक आणि तिरंगी छपाईही हाती घेतली. व्यवसाय वाढल्यावर छापखाना दादरला गेला, ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाला आणि 1909 मध्ये फाळके रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीस गेले. याचा अर्थ असा, की हाताने ठिपके देण्याची रीत आणि तिला हद्दपार करणारे छायाचित्रीय तंत्र ही दोन्ही काही काळ रेल्वेच्या एकाच टापूत, एकाच छापखान्यासाठी, शेजारी शेजारी राबत होती. एकाने दुसऱ्याला गिळले नाही. दोघांनी मिळून एकच लक्ष्मी छापली असेल. 1913 सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची सुरुवात रविवर्म्यांच्या चित्राबरहुकूम रचलेल्या दृश्याने व्हावी, यात प्रभावापेक्षा धंद्यातील सवय अधिक दिसते. चित्रपटाच्या इतिहासकारांनी फाळक्यांच्या जादूच्या प्रयोगांना जेवढे महत्त्व दिले तेवढे त्यांच्या छापखान्याच्या वर्षांना दिलेले नाही.

समकालीन कलेतील पुनरागमनाचा विचार या पार्श्वभूमीवर करावयास हवा. पुष्पमाला एन. आणि क्लेअर आर्नी यांच्या 2000 ते 2004 या काळातील ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’ या छायाचित्रमालेत पुष्पमाला स्वतः रविवर्म्यांच्या नायिका आणि लक्ष्मी होऊन उभ्या राहतात. लक्ष्मीसाठी पुढ्यात आहे तो छाप. रंगवलेला पडदा, रचलेले कमळ, पोशाख, मुद्रा हे सारे हातांनी उभे करून मग ते कॅमेऱ्याने टिपले आहे. विडंबन म्हणून या चित्राची जी वाखाणणी झाली ती अपुरी आहे. छापामागील दडलेले श्रम येथे पडदा, शिवण आणि रंग यांच्या रूपाने पुन्हा दृश्यमान होतात, आणि देवी ही बसविली गेलेली, बेतलेली आकृती आहे हे तिच्या अवघडलेल्या उभे राहण्यातून कळते. अतुल दोडिया यांची 2002 ची ‘महालक्ष्मी’ वेगळ्या मार्गाने जाते. दुकानाच्या लोखंडी शटरवर कॅलेंडरी वळणाची लक्ष्मी आहे. शटर वर सारले की आत हुंड्यापायी गळफास घेतलेल्या बहिणी दिसतात. शटरच्या पट्ट्या गुंडाळल्या जाताना देवीही गुंडाळली जाते. छापील प्रतिमेची बाजारातील जागा इतक्या कठोरपणे दाखविणारी दुसरी कृती सहजी आठवत नाही.

या दोन कृतींशेजारी आज गॅलऱ्यांतून आणि सजावटीच्या दुकानांतून विकल्या जाणाऱ्या ‘मर्यादित आवृत्ती’च्या डिजिटल छापांना ठेवून पाहावे. जुन्या ओलिओग्राफचे उच्च प्रतीचे स्कॅनिंग करून रंगद्रव्याच्या शाईने जाड कागदावर वा कॅनव्हासवर काढलेले हे छाप तांत्रिकदृष्ट्या उत्तम असतात. भिंग लावले की मात्र एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. शिळाछापातील ठिपके असमान, हाताच्या कलाने दाट-विरळ झालेले असतात. ऑफसेटचे ठिपके ठरावीक कोनांवर शिस्तीत बसलेले असतात. इंकजेटचे कण पुन्हा विखुरलेले दिसतात, पण ते विखुरणे गणिताने ठरविलेले असते. ओलिओग्राफच्या डिजिटल प्रतीत कारागिराच्या ठिपक्याचे चित्र अशा हजारो कणांनी रंगविलेले असते. जो ठिपका एकेकाळी छटा निर्माण करण्याचे साधन होता तो आता स्वतःच चित्राचा विषय झालेला असतो, आणि विकत घेणारा बहुधा त्या जुनेपणाचेच दाम मोजत असतो.

मर्यादेचा अर्थही पालटला आहे. मळवलीच्या छापाला मर्यादा होती ती शिळेची, कागदाची, मागणीची. काम संपले की शिळा घासून कोरी करण्याची शिळामुद्रणातील सर्वसाधारण रीत असल्याने छापाचा उगम पुसला जाई आणि प्रतीच तेवढ्या उरत. डिजिटल छापात उगम, म्हणजे फाइल, न झिजता शाबूत राहते आणि प्रतींची संख्या करारपत्र ठरविते. ही टंचाई पदार्थातून येत नाही, सहीतून येते. प्रती अमाप काढून देवघरात पोहोचलेल्या प्रतिमेला दिवाणखान्यात परत आणण्यासाठी प्रती मुद्दाम कमी कराव्या लागतात, ही गोष्ट पूजामूल्य आणि प्रदर्शनमूल्य यांच्या सिद्धान्तात बसविणे सोपे नाही. उशांचे अभ्रे, पिशव्या, चहाचे मग यांवर रविवर्म्यांच्या नायिका उमटविणाऱ्या संकल्पनकारांबद्दल फार लिहावे असे त्यात काही नाही; ते बाह्यरेषा उचलतात आणि छटा सोडून देतात, म्हणजे मळवलीने जेथे सर्वाधिक कष्ट घेतले नेमके तेच टाळतात.

याउलट कलाशाळांच्या मुद्रणविभागांतून आजही शिळा घासणाऱ्या, डिंक लावणाऱ्या चित्रकारांचे काम आहे. तेथे हात परतला आहे, पण तो चित्रकाराचा स्वतःचा, सही करणारा हात आहे. रविवर्मा छापखान्यात रेखाटणारा आणि सही करणारा वेगळे होते. आता ते एक झाले. त्यामुळे आजचे शिळामुद्रण तंत्राने जुने असले तरी श्रमविभागणीच्या दृष्टीने ते मळवलीचे वारस ठरत नाही. तो वारसा शोधावयाचाच झाला तर तो स्कॅन केलेल्या प्रतिमेवरील डाग पुसणाऱ्या, रंग जुळवून देणाऱ्या संगणकचालकाकडे जातो. त्याचेही नाव छापावर नसते. संग्रहालयांच्या आणि लिलावांच्या सूचींत ‘रविवर्म्यांच्या मूळ चित्रावरून’ एवढीच नोंद करण्याची पद्धत आहे. त्या ‘वरून’ या शब्दयोगी अव्ययात किती शिळा आणि किती हात सामावलेले आहेत याची मोजदाद उपलब्ध छापांवरून, भिंग घेऊन, रंगागणिक करता येण्याजोगी आहे.