‘परावर्तनरोधी लेप’ : एका संज्ञेची चिकित्सा

काचेची चकाकी घालविणाऱ्या आवरणास मराठी विज्ञानलेखनात ‘परावर्तनरोधी लेप’ म्हटलेले आढळते. या संज्ञेची दोन्ही पदे सदोष आहेत. ‘रोधी’ म्हणताच प्रकाशापुढील आडोसा डोळ्यांपुढे येतो, आणि लेप जितका जाड तितका गुणकारी, असा ग्रह होतो. वस्तुस्थिती उलट आहे. थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतणारे तरंग परस्परांस निष्प्रभ करतात. त्यासाठी जाडी थरातील तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतकीच हवी. ती दुप्पट केल्यास त्या तरंगलांबीपुरता गुण नाहीसाच होतो! मॅग्नेशियम फ्लोराइडचा असा थर सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा असतो. साध्या काचेचे एक पृष्ठ सुमारे ४ टक्के प्रकाश परतविते, ते प्रमाण त्याने दीड टक्क्याखाली येते. निर्वात पात्रात बाष्परूपाने चढविलेल्या या थरास चंदनाच्या उटीप्रमाणे ‘लेप’ कसे म्हणावे? ‘कल्हई’ पातळ खरी, पण ती चमक आणते. साधा ‘थर’ पुरे. पारशिवनीच्या विद्यार्थ्याने डबक्यावरील तेलाचे रंग पाहिलेले असतात; त्यांच्या मुळाशीही तरंगांचा हाच व्यवहार आहे. ‘रोधी’ पद ही ओळख पुसून टाकते. ‘परावर्तनशामक थर’ ती पुसत नाही. ‘शामक’ औषधी वाटेल, असा आक्षेप संभवतो. परंतु मराठीत वादळेही शमतातच.