दाराबाहेरचा कावळा

गोष्टीतून मूल्यं शिकवायची म्हणजे शेवटी तात्पर्य सांगायचं, असं आपण धरून चालतो. पण मूल तात्पर्य ऐकतं कुठे? ते बघतं, की आपण कोणाला हसतो.

सगळ्यांना पाठ असलेली चिमणी-कावळ्याची गोष्ट घेऊ. चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं. कावळा भिजत दार ठोठावतो. चिमणीला बाळाला न्हाऊ घालायचं असतं, निजवायचं असतं. एकेक काम सांगत ती त्याला बाहेरच थांबवते. काही घरांत पुढे असंही सांगतात, की दार उघडतं आणि ऊब घ्यायला गेलेला कावळा तापल्या तव्यावर भाजतो. यावर आपण हसतो. मूलही हसतं.

कुणी म्हणेल, चिमणी कष्टाळू आणि कावळा आळशी. पण कावळ्याचा आळस गोष्टीत आहे कुठे? घर त्यानेही बांधलं होतंच. फक्त ते शेणाचं होतं. शेणाने तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जमिनी सारवल्या. म्हणजे दोष त्याच्या वागण्याचा नाही, घर कशाचं आहे याचा. आणि बघा, दहाव्याला पिंडाला शिवावं म्हणून याच कावळ्यासाठी आपण ताटकळत उभे असतो! मुलापर्यंत मात्र एवढंच पोचतं, की ज्याचं घर कच्चं त्याला हसायचं.

याउलट म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट बघा. लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, मग खा, असं सांगून म्हातारी वाघाच्या तावडीतून सुटते. येते ती भोपळ्यात बसून. तात्पर्य काढायचं तर काय काढणार, थापा मारा? तरी ही गोष्ट सांगताना कुणाला खटकत नाही. कारण इथे आपण दुबळ्याच्या बाजूने असतो.

चिमणीची गोष्ट टाकून द्या, असं आमचं म्हणणं नाही. ती बदलूही नका. गुळगुळीत केलेल्या गोष्टीत मुलाला विचारायला काही उरत नाही. सांगताना त्या दारापाशी जरा थांबा, एवढंच. ‘कावळ्याला थंडी वाजत असेल का गं?’ असं एखादं पोर विचारतंच. तेव्हा त्याला ‘गप ऐक’ म्हणू नका. त्याचं म्हणणं आधी ऐकून घ्या, गोष्ट नंतर पुरी करता येईल.