तहान आणि विंचवाची नांगी

सचित्र बालपणकथा म्हटले की मार्जान सत्रापीचे ‘पर्सेपोलिस’ आठवते : बालपण स्वतःचे, रेघही स्वतःची. ‘भीमायन’मध्ये (नवयान, २०११) आठवण एकाची आणि हात दुसऱ्यांचे. डॉ. आंबेडकरांच्या इंग्रजी आत्मपर टिपणांवरून श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांनी संहिता लिहिली. चित्रे दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची.

साल १९०१. वडिलांकडे निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरतात. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा पालटतो. गाडीवान दुप्पट भाडे घेतो, तरी बैल मुलांनीच हाकायचे. वाटेत पाणी मिळत नाही.

व्यामांचा मंडला-दिंडोरीचा मुलूख आम्हा जबलपूरच्या मराठी माणसांना साताऱ्याहून जवळचा, पण तिथली चित्रभाषा आम्हाला कुठे येते? चित्रकारांनी चौकटी नाकारल्या. भिंती-अंगणातल्या डिगन्याच्या वळणांनी पाने विभागली. मायेच्या बोलण्याचा फुगा पाखराच्या आकाराचा, विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी.

माझी हरकत या नांगीला आहे. टिपणातला स्टेशनमास्तर आधी आपुलकीने चौकशी करतो. घाव बसतो तो त्या अचानक पालटण्याचा. नांगी दिसताच वाचक शब्द वाचण्याआधी सावध होतो. नटूनथटून निघालेली मुले सावध नव्हती.

तहान मात्र या चित्रांनीच खरी पोचवली. अनुवादक म्हणून मी त्या कोरड्या, संयमी इंग्रजीला फार तर नेमके मराठी शब्द दिले असते. इथे मासे, पाखरे, जनावरे यांनी गजबजलेल्या पानांत पाण्यावाचून राहते ते माणसाचे पोर.