शिशाचे कवच

सिंधुदुर्गाच्या पायात शिसे ओतल्याचे आपण अभिमानाने सांगतो. अथेन्सच्या पार्थेनॉनमध्येही संगमरवरी चिरे जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्यांभोवती मूळ कारागिरांनी शिसेच ओतले होते. त्यामुळे लोखंड सहसा गंजले नाही. १८९८पासून डागडुजी करणाऱ्या निकोलाओस बालानोस यांनी नवे लोखंड बसवले, ते कवच मात्र वगळले. लोखंड गंजून फुगले, संगमरवर तडकला. १९७५मध्ये नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली तिथे टायटॅनियम आले. चुकीच्या जागी बसवलेले चिरे अभ्यासाअंती मूळ जागी हलवले गेले. दोष नव्या साधनाचा नव्हता, जुनी रीत न अभ्यासण्याचा होता. चुन्यात बांधलेल्या देवळांना सिमेंट फासून आपणही तेच करतो: ओल आत कोंडते, दगडाचे पापुद्रे सुटतात. मूळ चुना तपासण्याआधीच सिमेंटची पोती येतात, त्याला जीर्णोद्धार म्हणू नये.