'राजी'तील कोडी : एक परीक्षण

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ आणला. असुराने पळवलेल्या भावाला शोधणारी राजी, दुर्गा आणि विष्णू यांचे निवेदन, राजस्थानी धाटणीचे महाल. हे सारे पाहताना डोळे निवतात. कोडी मात्र निराशा करतात. गोल चित्राचे तुकडे फिरवून जुळवले की वाट मोकळी होते. चित्रात बहीणभावाची आठवण असते, पण ती न समजताही तुकडे जुळतात.

याउलट १९९० चा 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' पाहा. त्यात तलवारबाजी हजरजबाबीपणाने जिंकायची असते. चाच्यांशी लढताना तुम्ही टोमणे आणि त्यांवरची उत्तरे शिकता. पुढे तलवारबाजीत निष्णात असलेली कार्ला नवेच टोमणे मारते. जुन्यांपैकी कोणते उत्तर तिथे चपखल बसेल, हे अर्थावरूनच ओळखावे लागते.

जुन्या साहसी खेळांतही ओढूनताणून रचलेली कोडी पुष्कळ होती. म्हणून वयाकडे न पाहता एकच कसोटी लावा : कथा न समजता कोडे सुटते का? सुटत असेल, तर ते कोडे म्हणजे वाटेतले फाटक. 'राजी'सारख्या देखण्या खेळाकडून याहून अधिकाची अपेक्षा रास्तच आहे.