‘म्हणे’ गाळणारा कॅमेरा : हत्याकांडांवरील सत्यकथापट आणि साक्षीचा प्रश्न

प्रास्ताविक

‘सत्य घटनेवर आधारित’ ही पाटी पडद्यावर आली की प्रेक्षक एक प्रकारचा करार मान्य करतो. पुढे जे दिसेल ते घडलेले आहे, असे तो गृहीत धरतो. एकामागून एक खून करणाऱ्या गुन्हेगारांवरील चित्रपट आणि निरपराध माणसास झालेल्या शिक्षेवरील चित्रपट असे या सत्यकथापटांचे दोन प्रवाह सामान्यतः मानले जातात. पहिल्यात गुन्हेगाराच्या क्रौर्याचा शोध असतो, तर दुसऱ्यात न्यायव्यवस्थेच्या चुकीचा. प्रस्तुत लेखात या विभागणीविषयी काही शंका उपस्थित करावयाच्या आहेत. दोन्ही प्रकारांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : ही हकीकत कोणी सांगितली आणि तिला दुजोरा कशाचा आहे? ज्या चित्रपटास हा प्रश्न पडत नाही, तो खऱ्या गुन्हेगाराविषयी असला तरी निरपराधाला फासावर नेणारी विचारपद्धतीच प्रेक्षकाच्या अंगवळणी पाडतो, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

मराठी भाषेत ‘म्हणे’ नावाचा एक लहानसा शब्द आहे. ‘त्याने खून केला’ आणि ‘त्याने खून केला म्हणे’ या दोन वाक्यांत न्यायाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. दुसऱ्या वाक्यात बोलणारा स्वतः साक्षीदार नाही, हे तो प्रामाणिकपणे सांगून टाकतो. चित्रपटाच्या भाषेत असा शब्द आयता उपलब्ध नाही. पडद्यावर सुरा उगारलेला दिसला की तो उगारलेलाच असतो. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न दिग्दर्शक करतो किंवा नाही, हा सत्यकथापटाच्या मूल्यमापनाचा एक प्रमुख निकष मानावयास हवा.

माफीचा साक्षीदार : कायद्यातील आणि पडद्यावरील

जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात झालेल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाने सारा महाराष्ट्र हादरला. दहा माणसांचे प्राण घेणारे हे तरुण अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा यांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. त्यांचा एक साथीदार मात्र माफीचा साक्षीदार झाला होता. या घटनांवर बेतलेला, नाना पाटेकर यांची भूमिका असलेला राजदत्त दिग्दर्शित मराठी चित्रपट १९८६ साली आला, त्याचे नावच ‘माफीचा साक्षीदार’ असे होते. पुढे विवेक वाघ यांच्या ‘जक्कल’ या माहितीपटास २०१९ या वर्षासाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट शोधपटाचा पुरस्कार मिळाला. चार दशकांनंतरही हा विषय संपलेला नाही, याचे हे निदर्शक आहे.

माफीचा साक्षीदार ही संकल्पना चित्रपट-समीक्षेसही उपयुक्त ठरेल. हा साक्षीदार गुन्ह्यात सहभागी असतो. संपूर्ण आणि खरी हकीकत सांगण्याच्या अटीवर त्याला माफी मिळते. तो आतला माणूस असल्याने त्याच्याइतकी तपशीलवार हकीकत दुसरा कोणी सांगू शकत नाही. मात्र स्वतःचा वाटा कमी व इतरांचा अधिक दाखविण्यात त्याचा स्वार्थ असतो. म्हणून कायदा त्याच्याकडे साशंकतेने पाहतो. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १३३ नुसार, केवळ दुजोरा नसलेल्या सहगुन्हेगाराच्या साक्षीवर आधारलेली म्हणून शिक्षा बेकायदेशीर ठरत नसे, पण त्याच कायद्याच्या कलम ११४ मधील दृष्टांत अशा साक्षीदारास महत्त्वाच्या बाबींत दुजोऱ्याशिवाय विश्वासार्ह मानू नये, असे बजावीत असे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये तर दुजोरा मिळालेल्या साक्षीचाच उल्लेख आहे. सुमारे दीडशे वर्षांत कायद्याची भाषा अधिक सावध झाली.

हत्याकांडावरील चित्रपटाचे नेमके उलट घडते. खुनाच्या प्रसंगी कॅमेरा खोलीत हजर असतो. मृत व्यक्ती बोलू शकत नाही आणि आरोपी बहुधा नाकबूल असतो. मग कॅमेरा कोणाच्या डोळ्यांनी पाहतो? बव्हंशी तो माफीच्या साक्षीदाराच्या किंवा कबुलीजबाबाच्याच डोळ्यांनी पाहत असतो. न्यायालय त्या हकिकतीस दुजोरा मागते. चित्रपट तिला प्रकाशयोजना आणि पार्श्वसंगीत देतो. प्रेक्षकास दुजोरा मिळाल्याचा भास होतो, वस्तुतः त्याला एकाच माणसाची गोष्ट दोनदा ऐकविलेली असते.

कोल्हापूरचा खटला आणि आकड्यांची वाढ

आपल्या जिल्ह्याशी निगडित उदाहरण अधिक बोलके आहे. अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांनी १९९० ते १९९६ या काळात केलेल्या बालकांच्या अपहरण व हत्यांचा खटला कोल्हापूरच्या सत्र न्यायालयात चालला. रेणुकाचा पती माफीचा साक्षीदार झाला. निकाल लागण्यापूर्वीच अंजनाबाईचा मृत्यू झाला. २००१ साली सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली. ती २००४ साली उच्च न्यायालयाने आणि ३१ ऑगस्ट २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. दयेचा अर्ज २०१४ साली फेटाळला गेला. मात्र त्या अर्जावरील निर्णयास झालेल्या जवळपास आठ वर्षांच्या अक्षम्य विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२२ रोजी फाशीचे रूपांतर जन्मठेपेत केले.

या प्रकरणी चुकीच्या व्यक्तींना शिक्षा झाली, असे येथे सुचवावयाचे नाही. लक्षात घ्यावयाची बाब वेगळी आहे. खटल्यात तेरा मुलांचे अपहरण आणि त्यांपैकी नऊ मुलांच्या हत्या असे आरोप होते, परंतु फाशी अखेर कायम राहिली ती पाच हत्यांबद्दल. वृत्तपत्रीय पुरवण्यांत आणि चर्चेत मात्र ही संख्या चाळीसच्या पुढे जाते. नऊ ते पाच हा दुजोऱ्याच्या चाळणीचा प्रवास आहे, तर नऊ ते चाळीस हा ‘म्हणे’ गळून पडल्याचा प्रवास आहे. बळी पडलेली बहुतेक मुले गरीब घरांतील होती. त्यांच्या हरवण्याची दखल वेळीच का घेतली गेली नाही, हा खरा सामाजिक प्रश्न फुगलेल्या आकड्यामागे झाकला जातो.

या प्रकरणावरून प्रेरित ‘पोशम पा’ हा सुमन मुखोपाध्याय दिग्दर्शित हिंदी चित्रपट २०१९ साली झी फाईव्हवर प्रदर्शित झाला. माही गिल यांनी आईची आणि सयानी गुप्ता यांनी मुलीची भूमिका केली आहे. पात्रांची नावे बदललेली आहेत आणि माहितीपट करणारी दोन माणसे शिक्षा झालेल्या बहिणींना भेटतात, अशी चौकट योजिलेली आहे. ही चौकट आश्वासक आहे, कारण मुलाखत म्हटली की ‘म्हणे’ आपोआप येते. परंतु भूतकाळ दृश्यरूपात उलगडू लागला की सांगणाऱ्या व्यक्तीविषयीचा संशय मागे पडतो आणि आईचे पात्र साऱ्या दुष्टपणाचे केंद्र बनते. जिची बाजू न्यायालयाच्या निकालापर्यंत पोहोचलीच नाही, तिच्यावरच चित्रपटाचा भार टाकणे कथेच्या दृष्टीने सोयीचे असले, तरी साक्षीच्या दृष्टीने ते सर्वांत कच्चे ठिकाण आहे.

रमण राघवच्या बाबतीत हा प्रश्न कबुलीजबाबाचा आहे. रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखालील तपासानंतर १९६८ साली त्यास मुंबईत अटक झाली. त्याने खुनांची कबुली दिली आणि १९६९ साली त्यास फाशी सुनावली गेली. मानसिक व्याधी असाध्य असल्याचे ठरल्याने पुढे ती शिक्षा जन्मठेपेत बदलली. श्रीराम राघवन यांनी १९९१ साली रघुवीर यादव यांना घेऊन त्याच्यावर चित्रपट केला. अनुराग कश्यप यांनी २०१६ च्या ‘रमण राघव २.०’ मध्ये आरंभीच ही त्याची कथा नव्हे, असे सांगितले. नाव घ्यायचे आणि जबाबदारी टाळायची, अशी टीका त्यावर करता येईल. तरीही आपण कल्पित सांगत आहोत हे कबूल करण्यातील प्रामाणिकपणा नाकारता येणार नाही.

साक्षीदारच गुन्हेगार असतो तेव्हा

पाश्चात्त्य चित्रपटसृष्टीतील दोन कृती येथे तुलनेस घेणे उचित ठरेल. रिचर्ड फ्लायशर यांच्या ‘टेन रिलिंग्टन प्लेस’ (१९७१) या चित्रपटामागील हकीकत अशी : लंडनमधील टिमथी इव्हान्स यास आपल्या तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल १९५० साली फाशी झाली. खटल्यातील सरकार पक्षाचा प्रमुख साक्षीदार त्याच इमारतीत राहणारा जॉन क्रिस्टी होता. पुढे क्रिस्टीच्या घरात अनेक स्त्रियांचे मृतदेह सापडले, १९५३ साली त्यास फाशी झाली आणि १९६६ साली इव्हान्सला मरणोत्तर माफी देण्यात आली. हत्याकांडाची कथा आणि निरपराधाच्या शिक्षेची कथा या ठिकाणी एकच आहे. सभ्य, मृदुभाषी साक्षीदार न्यायालयात बोलत असता प्रेक्षकास सत्य ठाऊक असते. शपथेवरील शब्द आणि घडलेली घटना यांतील दरी दाखविणे, हेच या चित्रपटाचे कार्य आहे.

एरॉल मॉरिस यांच्या ‘द थिन ब्लू लाइन’ (१९८८) या माहितीपटात डलासमधील पोलीस अधिकाऱ्याच्या खुनाचा प्रसंग पुनःपुन्हा दाखविला जातो, पण प्रत्येक वेळी निराळा, कारण प्रत्येक दृश्य एका साक्षीदाराच्या सांगण्याप्रमाणे रचलेले आहे. येथेही रँडल अ‍ॅडम्स यास दोषी ठरविणारा महत्त्वाचा साक्षीदार स्वतः संशयाच्या घेऱ्यात होता. १९८९ साली अ‍ॅडम्सची सुटका झाली. दृश्यांची ही पुनरावृत्ती म्हणजे ‘म्हणे’ या शब्दाचे चित्रभाषेतील रूप होय.

दक्षिण कोरियातील बाँग जून-हो यांचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (२००३) हा ह्वासाँग परिसरातील १९८६ ते १९९१ मधील खुनांवर आधारित आहे. त्यात पोलीस मारहाण करून, शब्द पढवून कबुली मिळवितात. चित्रपट आला तेव्हा खरा खुनी सापडलेला नव्हता. २०१९ साली डीएनए चाचणीतून तो उघड झाला आणि आठव्या खुनासाठी सुमारे वीस वर्षे तुरुंगात काढलेल्या माणसास २०२० साली फेरखटल्यात निर्दोष ठरविण्यात आले. दिग्दर्शकाने उत्तर सांगण्याचा मोह टाळला होता, म्हणूनच काळाने त्याची कृती खोटी ठरविली नाही.

न निघालेल्या एका चित्रपटाचा विचार

जून २००३ मध्ये नाशिक परिसरात शेतावरील झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर हल्ला होऊन हत्या व बलात्कार झाले. भटक्या जमातीतील सहा मजुरांना २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कमी केली, परंतु २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी फेरसुनावणीनंतर सर्वांना निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार स्त्रीने आरंभी पोलिसांकडील छायाचित्रांतून भलत्याच व्यक्ती ओळखल्या होत्या आणि तो धागा तपासात सोडून दिला गेला होता. न्यायालयाने प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश शासनास दिला.

आता कल्पना करावी की या घटनेवर २०१० साली चित्रपट निघाला असता. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार घेऊन, ‘सत्य घटनेवर आधारित’ ही पाटी लावून, त्याने सहा निरपराधांना पडद्यावर खुनी म्हणून उभे केले असते. त्यांची जात, बोली आणि पालही त्यात दाखविली गेली असती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या समाजगटांना जन्मजात गुन्हेगार ठरविले, तो कायदा १९५२ साली रद्द झाला तरी समजूत रद्द झालेली नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ वर्गात शिकविताना आपण हेच विद्यार्थ्यांस सांगतो. २०१९ चा निकाल आल्यावर न्यायालयीन दप्तर दुरुस्त झाले, पण प्रेक्षकाच्या मनातील चित्र कोणत्या आदेशाने दुरुस्त झाले असते?

हाच निकष निरपराधत्वाच्या बाजूने बोलणाऱ्या चित्रपटांसही लावावयास हवा. २००६ च्या मुंबई रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यात २०१५ साली निर्दोष सुटलेले शिक्षक वाहिद शेख यांच्यावरील सुदर्शन गमरे यांचा ‘हिमोलिम्फ’ (२०२२) मुख्यत्वे एकाच्या कथनावर उभा आहे, परंतु त्या कथनामागे न्यायालयाचा निकाल आहे. त्याच खटल्यातील शिक्षा झालेल्या बाराही जणांना २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष ठरविले. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा अन्यत्र दाखला म्हणून वापर करण्यास स्थगिती दिली. निकाल बदलत असतात. त्यांच्यावर आधारलेल्या चित्रपटाने तारीख नोंदविणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) सत्यकथापट नसला तरी मार्गदर्शक आहे. ज्या मृत्यूवरून खटला चालतो तो त्यात दाखविलेलाच नाही. दिसतात त्या फक्त साक्षी, आणि त्यांतही अनेक खटल्यांत तोच तो उभा केलेला सरकारी साक्षीदार. घटना गाळून साक्ष दाखविण्याचा हा संयम मराठी दिग्दर्शकास साधला आहे, ही आश्वासक बाब होय.

निष्कर्ष

सत्य गुन्ह्यांवरील चित्रपटाचे मूल्य त्याच्या थरारावरून किंवा त्याने कोणाची बाजू घेतली यावरून ठरविणे अपुरे आहे. सांगणारा कोण, त्यास दुजोरा कशाचा, आणि ज्या निकालावर चित्रपट उभा आहे तो कोणत्या न्यायालयाचा व कोणत्या वर्षीचा, या तीन प्रश्नांना तो वाव देतो काय, हे पाहणे आवश्यक आहे. आजरा, गडहिंग्लज, चंदगड परिसरातील आपले विद्यार्थी हे चित्रपट भ्रमणध्वनीवर एकट्याने पाहतात. तेथे चर्चेस दुसरा माणूस नसतो. भाषा व समाजशास्त्राच्या वर्गांत एखादा सत्यकथापट आणि त्यामागील न्यायनिर्णय शेजारी ठेवून वाचता येतील. निर्णयात ‘साक्षीदार म्हणतो’ असे जेथे जेथे आहे, तेथे चित्रपटात काय दाखविले आहे, एवढीच नोंद विद्यार्थ्यांनी केली तरी पडद्यावरील ‘घडले’ आणि साक्षीतील ‘घडले म्हणे’ यांतील अंतर त्यांच्या ध्यानी येईल. उद्या पंच, साक्षीदार किंवा केवळ गावातील बोलणारी माणसे म्हणून याच विद्यार्थ्यांच्या शब्दावर कोणाचे तरी आयुष्य अवलंबून असणार आहे.