उन्हाला वाऱ्याची साथ

वसईतल्या पाचूबंदरच्या किनाऱ्यावर सुकत घातलेले बोंबील जवळून पाहावेत. जबड्यात जबडा अडकवून दोन-दोन टांगलेले असतात. नुसतं ऊन त्यांना पुरत नाही, वाराही लागतो. स्तनाच्या कर्करोगावरचा १९९६ सालचा एक शोधनिबंध वाचताना मला ऊन-वाऱ्याची ही जोडी हटकून आठवते.

क्लेअर व्हर्नन आणि सहकाऱ्यांनी त्यात पाच चाचण्या एकत्र मांडल्या. रुग्ण ३०६. काहींचा आजार शस्त्रक्रियेनंतर उलटलेला. काहींना फक्त किरणोपचार, काहींना त्याच्या जोडीला उष्णता. गाठ पूर्ण विरघळण्याचं प्रमाण ४१ टक्क्यांवरून ५९ वर गेलं. आधी किरणं देऊन झालेल्या जागी जिथे आजार परतला, तिथे हा फायदा सर्वांत ठळक दिसला.

या उपचाराचं सौंदर्य त्याच्या मापात आहे. छातीवर पाण्याची मऊ पिशवी, तिच्यातून मायक्रोवेव्ह, आणि साधारण तासभर ४० ते ४३ अंशांची ऊब. तेवढ्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, प्राणवायू पोचतो आणि किरणांना धार चढते. किरणांनी मोडलेली पेशी स्वतःला सांधू पाहते, तेव्हा हीच ऊब तिचा हात अडवते. बारीक तापमापक लावलेले असतात, तरी कुठे चटका बसतोय हे त्या बाईलाच विचारतात. तिचा शब्द हाही इथे मापाचा भाग.

पण मला सर्वांत भावते ती निबंधाची सचोटी. गाठी विरघळल्या, तरी एकूण आयुर्मान वाढलेलं दिसलं नाही, हे त्यात स्वच्छ नोंदवलं आहे. जितकं हाती लागलं तितकंच सांगितलं.

वसई रोडहून लोकलने विलेपार्ल्याला उतरलं की नानावटी रुग्णालय. तिथे डॉ. नागराज हुईलगोळ यांनी डोकं आणि मानेच्या कर्करोगात किरणं आणि उष्णतेचा हाच मेळ तपासला. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकीसाठी हा उपचार नाही. कोणासाठी, हे कर्करोगतज्ज्ञांनीच ठरवायचं. आणि घरची गरम पाण्याची पिशवी म्हणजे हा उपचार नव्हे. शस्त्रक्रियेनंतर छातीची कातडी बधिर असू शकते, मग भाजलेलं कळत नाही. म्हणून बायांनो, व्रणाजवळ नवी गाठ किंवा लाली दिसली तर शेकत बसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.